कोंडा सगळा एकसारखा नसतो

मागील दोन लेखांत आम्ही पिल्लांना ऊब कशी द्यावी आणि खुराडे स्वच्छ कसे ठेवावे याविषयी लिहिले होते. या वेळी लसीकरणाविषयी लिहिण्याचा आमचा विचार होता. परंतु मध्येच एका भगिनीचे पत्र आले आणि तो विषय पुढे ढकलणे आम्हांस भाग पडले. पत्रातील हकीकत एका घरची असली, तरी त्यातील चूक घरोघरी होणारी आहे.

या भगिनी भंडारा जिल्ह्यातील धानपट्ट्यात राहतात. पती हमाली करतात, त्या स्वतः रोवणीच्या दिवसांत मजुरीला जातात. बचत गटातून कर्ज काढून त्यांनी सुधारित जातीची शंभर पिल्ले आणली. पहिले तीन आठवडे दुकानातील तयार खाद्य दिले, तेव्हा पिल्ले चांगली अंगाला लागली. पुढे खाद्याची गोणी परवडेना. गावात धान सडण्याची जुनी हलरची गिरणी आहे. तेथील कोंढा जवळजवळ फुकट मिळत होता. म्हणून ताईंनी आधी दोन भाग खाद्यात एक भाग कोंढा मिसळला आणि नंतर अर्धे खाद्य, अर्धा कोंढा असे सुरू केले. पक्षी दिवसभर खात होते, गळ्याखालची पिशवी भरलेली दिसत होती, पण वजन काही वाढेना. दहा आठवडे झाले तरी बहुतेक पक्षी अर्ध्या किलोच्या पुढे सरकले नाहीत. कोणी म्हणाले जंत झाले, म्हणून औषध आणले. कोणी म्हणाले नजर लागली. शेजारच्या एका जाणत्या म्हणवणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की कोंडा म्हणजे कोंबडीला विषच, त्याचा कणही देऊ नये. इकडे गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा आहे.

ताई विचारतात, "आम्ही पक्ष्यांना एक दिवसही उपाशी ठेवले नाही, मग ते वाढले का नाहीत?"

ताई, नजर कोणाची लागली नाही. पक्ष्यांचे पोट भरले, पण अंगाला लागेल असे त्यात फार थोडे गेले. मात्र कोंडा म्हणजे विष हेही खरे नाही. कोंड्यात, तुसात, टरफलात, पाल्यात जो चोथा असतो, तो सगळा एकाच जातीचा नसतो. एक चोथा कोंबडीचे आतडे बिघडवतो, दुसरा बेताने दिला तर तेच आतडे मजबूत करतो. आणि कोणताही चोथा अति झाला की वाढ खुंटते. आज आम्हांला एवढेच सांगायचे आहे, पण ते नीट समजून घेतले पाहिजे.

पेटा हातात घेऊन पाहा

प्रथम कोंबडीचे पोट कसे चालते ते पाहू. त्यासाठी पुस्तकाची गरज नाही. आपण बाजारातून कलेजी-पेटा आणतो, त्यातला पेटा हातात घ्या. कोंबडीला दात नाहीत. ती दाणा सबंध गिळते. दाणा गळ्याखालच्या पिशवीत थांबून भिजतो, मग छोट्या जठरात जातो. तेथे त्यावर आम्ल आणि पाचक रस पडतात. तेथून तो पेट्यात येतो. पेटा म्हणजे कोंबडीचे जाते. जाड स्नायूंच्या भिंती, आतून पिवळी खरबरीत साल आणि मध्ये कोंबडीने टिपलेले बारीक खडे. त्या जात्यात दाणा दळला जातो आणि आम्लात कालवला जातो.

आता घरच्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचा पेटा आणि दुकानातील ब्रॉयलरचा पेटा शेजारी शेजारी ठेवा. गावरान कोंबडी ब्रॉयलरच्या निम्म्या वजनाची असली तरी तिचा पेटा घट्ट आणि टणक असतो, सुरीला दाद देत नाही. ब्रॉयलरचा पेटा अंगाच्या मानाने लहान आणि मऊ असतो. यात जातीचा भाग आहेच, पण खाण्याचा भागही मोठा आहे. गावरान कोंबडी सबंध दाणा, गवत, बिया, किडे, टरफले सगळे खाते, त्यामुळे जाते सतत चालू राहते. ब्रॉयलरला बारीक दळलेले खाद्य मिळते. जात्याला दळायला काही उरतच नाही, मग ते सैल पडते. काम न करणाऱ्या हाताचे जसे होते, तसेच पेट्याचे होते.

पेट्यातून अन्न लहान आतड्यात जाते. पिठूळ भाग, प्रथिने आणि तेल यांचे पचन मुख्यतः तेथेच होते. लहान आतड्याच्या शेवटी बंद तोंडाच्या दोन नळ्या असतात. कोंबडी साफ करताना त्या आपण काढून टाकतो. या नळ्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात. आतड्यात न पचलेला पातळ आणि बारीक भागच त्यांत शिरतो. तेथे जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून काही आम्ले तयार होतात. ही आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि वाईट जिवाणूंना आवर घालतात.

गाय-म्हैस कडबा खाऊन दूध देते, कारण तिच्या पोटात जिवाणूंचे मोठे पिंपच असते आणि चारा त्यात पुष्कळ वेळ राहतो. कोंबडीकडे त्या दोन छोट्या नळ्याच आहेत आणि खाल्लेले अन्न काही तासांतच बाहेर पडते. म्हणून गाईला जे चालते ते कोंबडीला चालत नाही.

दोन पेल्यांचा प्रयोग

चोथा म्हणजे वनस्पतीचा असा भाग, जो कोंबडीचे पाचक रस फोडू शकत नाहीत. त्याच्या मुख्य जाती दोन. हा फरक घरीच पाहता येतो.

दोन पेले पाणी घ्या. एकात चमचाभर इसबगोल टाका, दुसऱ्यात चमचाभर गव्हाचा जाडा कोंडा. अर्ध्या तासाने पाहा. इसबगोलाचा चिकट लगदा झालेला असेल, पेला उलटा केला तरी लवकर ओतला जाणार नाही. कोंडा भिजून फुगलेला असेल, पण पाणी पाण्यासारखेच राहील. मुठीत पिळला तर कोंडा कोंडाच राहतो.

पहिला तो चिकट चोथा, पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. दुसरा तो खरबरीत चोथा, न विरघळणारा. धान्यांपैकी जव आणि ओट यांत चिकट चोथा जास्त असतो. गव्हाच्या दाण्यात तो मध्यम असतो. जवसात आणि गवारीच्या बियांत डिंकासारखा चिकटपणा असतो, म्हणून जवसाची किंवा गवारीची पेंड पिल्लांना जास्त झाली तर त्यांची वाढ मागे पडते. मका, ज्वारी आणि तांदूळ यांत चिकट चोथा फार कमी. धानाचे तूस, सूर्यफुलाचे टरफल आणि गव्हाचा कोंडा यांतील चोथा बहुतांशी खरबरीत जातीचा असतो.

चिकट चोथा काय करतो

इसबगोलाचा तो लगदा कोंबडीच्या लहान आतड्यात झाला आहे असे समजा. पाचक रस अन्नात मिसळत नाहीत. जे पचले तेही आतड्याच्या भिंतीपर्यंत नीट पोहोचत नाही. तेलाचे पचन तर सर्वांत जास्त बिघडते. अन्न आतड्यात रेंगाळते, न पचलेले अन्न पाहून जिवाणू वरपर्यंत चढतात आणि जे पक्ष्याने घ्यायचे ते तेच खाऊन टाकतात. आतड्याला सूज आणणारे घातक जिवाणूही अशाच वेळी माजतात. पक्षी जास्त पाणी पितो. शीट पातळ आणि चिकट पडते, शेपटीखालच्या पिसांना चिकटते. खालची गादी ओली होते, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, पायांना जखमा होतात आणि ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. एवढे सगळे एका चिकट चोथ्याने सुरू होऊ शकते.

हे नुसते अनुमान नाही. ऑस्ट्रेलियात चोक्ट आणि अ‍ॅनिसन या संशोधकांनी गव्हातील हा चिकट भाग वेगळा काढून ब्रॉयलरच्या खाद्यात मिसळून पाहिला. त्यांचे काम १९९० साली प्रसिद्ध झाले. चिकट भाग वाढला की पचन आणि वाढ दोन्ही घटतात, हे त्यांनी दाखवले. यावर उपायही निघाला आहे. जव खाणाऱ्या पिल्लांच्या खाद्यात विशिष्ट विकर मिसळले तर फायदा होतो, हे अमेरिकेत १९५० च्या दशकातच दिसून आले होते. विकर म्हणजे चिकट चोथ्याच्या लांब साखळ्या तोडणारी कात्री. साखळी तुटली की लगदा पातळ होतो. त्या तुटलेल्या लहान तुकड्यांपैकी काही पुढच्या दोन नळ्यांतील चांगल्या जिवाणूंचे खाद्य होतात. म्हणजे चिकट चोथाही सर्वस्वी वाईट नाही. तो कोठे, किती आणि कोणत्या रूपात पोहोचतो यावर सारे अवलंबून आहे. आज गहू किंवा जव वापरणारे खाद्य कारखाने ही विकरे मिसळतात. घरी खाद्य तयार करणाऱ्याकडे ती सहसा नसतात. म्हणून घरच्या मिश्रणात मका, ज्वारी किंवा कणी हाच मुख्य दाणा असावा. गहू असलाच तर थोडा.

खरबरीत चोथा काय करतो

पूर्वी तज्ज्ञसुद्धा चोथ्याला नुसता कचरा मानत असत. जितका कमी तितके खाद्य चांगले, असा हिशेब होता. हा समज पुढे बदलला. नॉर्वेतील हेटलँड आणि स्विहुस यांनी ओटची टरफले ब्रॉयलरला खाऊ घालून केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. स्पेनमध्ये माद्रिदच्या संशोधकांनी २००७ साली असेच काम प्रसिद्ध केले. त्यांनी खाद्यात ३ टक्के ओटची किंवा सोयाबीनची टरफले घातली होती. अशा अनेक प्रयोगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मूळ खाद्यात चोथा फार कमी असेल आणि त्यात थोडा जाडा, खरबरीत चोथा घातला, तर पेटा मोठा आणि बळकट होतो आणि अन्न चांगले पचते.

याचे कारण पेट्याच्या रीतीत आहे. खरबरीत तुकडा पुरेसा बारीक झाल्याशिवाय पेटा त्याला पुढे सोडत नाही. तो तुकडा आत फिरत राहतो, त्याच्याबरोबर दाणाही चांगला दळला जातो. अन्न जास्त वेळ आम्लात राहते, त्यामुळे त्याबरोबर आलेले पुष्कळ वाईट जंतू तेथेच मरतात. आणखी एक फायदा अंड्यावरच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. ज्या कोंबड्यांच्या खाद्यात चोथा फारच कमी असतो, त्या एकमेकींची पिसे उपटून खातात, कधी कधी टोचून जीवही घेतात. खरबरीत चोथा मिळाला की ही खोड कमी होते. आपल्याकडे गादीसाठी तूस पसरतात. कोंबड्या ते टिपून खाताना दिसतात. त्यांना कमी पडते ते त्या शोधत असतात. अशा वेळी गादी कोरडी आणि बुरशीविना असणे महत्त्वाचे, कारण ती नुसती गादी नसून त्यांच्या खाण्यातही जाते.

युरोपीय देशांनी वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. आपल्या देशातही २०१९ साली कोलिस्टिन हे औषध जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर बंदी आली, कारण माणसांच्या गंभीर आजारांत ते शेवटचा आधार म्हणून लागते. औषध घालून आतडे सांभाळण्याचा मार्ग असा बंद होत गेला, तसे साध्या चोथ्याकडे तज्ज्ञांचे लक्ष वळले. आपण मात्र आजही पक्षी वाढत नाही असे दिसले की आधी औषधाच्या दुकानात जातो. ताईंनीही तेच केले. त्याआधी खाद्याची पाटी पाहायला हवी होती.

हे सारे वाचून कोणी गोणीभर तूस मिसळू नये. माद्रिदच्या प्रयोगात टरफले होती ३ टक्के, म्हणजे एक किलो खाद्यात ३० ग्रॅम, साधारण एक मूठ. आणि चोथा जाडा हवा. पिठासारखा दळलेला चोथा पेट्याला काम देत नाही, तो नुसती जागा अडवतो.

ताईंच्या पाटीचा हिशेब

आता ताईंच्या कोंढ्याकडे येऊ. हलरच्या जुन्या गिरणीत धानाचे तूस आणि तांदळावरचा कोंडा एकाच वेळी निघतात आणि एकत्र भरडून बाहेर पडतात. नव्या गिरण्यांत तूस आधी वेगळे निघते, मग तांदळाला पॉलिश करताना मऊ, तेलकट भुकटी निघते. या भुकटीला राइस पॉलिश म्हणतात. दोन्हींना गावात कोंढाच म्हणतात, पण दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राइस पॉलिशमध्ये तेल आणि प्रथिने चांगली असतात. तुसात मात्र ४० टक्क्यांच्या आसपास चोथा असतो, आणि त्यातली राख बहुतेक वाळूच्याच जातीची असते. त्यातून पक्ष्याला जवळजवळ काहीच मिळत नाही.

हिशेब करून पाहा. समजा, १० किलो तयार खाद्य आहे, त्यात २० टक्के प्रथिने आणि ४ टक्के चोथा. त्यात ५ किलो हलरचा कोंढा घातला. समजा, त्यात ८ टक्के प्रथिने आणि २० टक्के चोथा आहे. खाद्यातून प्रथिने आली २ किलो, कोंढ्यातून ४०० ग्रॅम. पंधरा किलोत झाली २ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे १६ टक्के. चोथा आला खाद्यातून ४०० ग्रॅम आणि कोंढ्यातून १ किलो, म्हणजे ९ टक्क्यांहून अधिक. प्रथिने २० वरून १६ वर उतरली आणि चोथा ४ वरून ९ वर गेला. पुढे अर्धे-अर्धे केल्यावर प्रथिने १४ टक्के आणि चोथा १२ टक्के झाला. पक्षी ही तूट जास्त खाऊन भरून काढायला पाहतो, पण वाढत्या पिल्लाच्या पोटाला मर्यादा आहे. पिशवी तुसाने भरते आणि पक्षी खायचा थांबतो. म्हणूनच ताईंना पिशवी भरलेली दिसली आणि वजन वाढलेले दिसले नाही. गोणी स्वस्त पडली, पण पक्ष्याचे एक किलो मांस महाग पडले.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खाद्याच्या गोणीवर कच्चा चोथा इतके टक्के असे छापलेले असते. हा आकडा काढण्याची रीत १८६० च्या दशकात जर्मनीतील वेंडे येथे बसवली गेली. त्या रीतीत चोथ्याचा चिकट भाग बहुतांशी धुऊन जातो, मोजलाच जात नाही. खरबरीत भागही पुरता येत नाही. म्हणून दोन गोण्यांवर एकच आकडा असला तरी पक्ष्याच्या पोटात त्यांचे वागणे वेगळे असू शकते. आकडा पाहावा, पण चोथा कशाचा आहे हेही दुकानदाराला विचारावे.

कोंडा घेताना काय पाहावे

राइस पॉलिश घेताना मूठभर घेऊन घट्ट दाबा. चांगल्या मालाची मूठ वळते, कारण त्यात तेल असते. मूठ उघडताच माल भसाभस सुटला आणि हाताला टोचला, तर त्यात तूस जास्त आहे असे समजा. थोडा पाण्यात टाकून पाहा, जाडे तूस वर तरंगते. वास घ्या. राइस पॉलिश फार लवकर खवट होते, म्हणून आठवड्याभराला पुरेल इतकेच ताजे आणावे. बुरशीचा वास येणारा कोणताही माल, कितीही स्वस्त असो, खुराड्यात नेऊ नये. भिजलेल्या धान्यावरच्या बुरशीचे विष पक्ष्याचे काळीज खराब करते.

कोणाला किती

पहिले चार आठवडे पिल्लांना फक्त पिल्लांचे खाद्य द्यावे. त्यात वरून कोंडा घालू नये. त्या वयात आतडे घडत असते आणि पोट लहान असते. तेथे केलेली बचत पुढे भरून निघत नाही.

मांसासाठी बंदिस्त वाढवायचे पक्षी असतील, तर चार आठवड्यांनंतरही तयार खाद्यात फार तर किलोमागे एक मूठ जाडा, स्वच्छ कोंडा द्यावा. गादी कोरड्या तुसाची असेल तर तोही नाही दिला तरी चालते.

अंड्यासाठी वाढवायच्या तलंगांना आठव्या आठवड्यापासून खाद्यात दहावा हिस्सा गव्हाचा कोंडा किंवा चांगले राइस पॉलिश चालते. त्या वयात वजन झपाट्याने वाढवायचे नसते. उलट पोटाची क्षमता वाढली तर अंड्यावर आल्यावर त्या पुरेसे खाऊ शकतात.

दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना चोथा बाहेर पुरेसा मिळतो. गवत, पाला, बिया त्या खातातच. त्यांना संध्याकाळी पुन्हा कोंडाच टाकणे म्हणजे जे पोटात आहे त्याचीच भर घालणे. त्यांना कणी, ज्वारी किंवा मका आणि त्याबरोबर थोडी पेंड द्यावी. बंदिस्त पक्ष्यांना मात्र हिरवा पाला टांगून ठेवावा. त्यातून चोथा मिळतो, जीवनसत्त्वे मिळतात आणि त्यांचे लक्ष एकमेकींच्या पिसांवरून हटते.

सबंध दाणा आणि पाला खाणाऱ्या बंदिस्त पक्ष्यांना बारीक खडेही ठेवावेत. शिंपल्यांचा चुरा म्हणजे खडे नव्हेत. शिंपला पोटात विरघळतो, त्यातून अंड्याच्या कवचाला चुना मिळतो. जात्याचे काम टणक खडाच करतो.

शीट वाचायला शिका

आतड्याची खबर शिटेत मिळते. चांगली शीट घट्टसर, तपकिरी किंवा करडी, वर पांढरी टोपी असलेली. दिवसातून काही वेळा गडद तपकिरी, लापशीसारखी, फार वास मारणारी शीट पडते. ती त्या दोन बंद नळ्यांतून आलेली असते. तिला हगवण समजून औषध देऊ नये, ती नळ्या नीट चालल्याची खूण आहे. शीट सतत चिकट, पाणीदार असेल, शेपटीखाली पिसे माखत असतील किंवा दाणे तसेच पडत असतील, तर आधी खाद्य तपासावे. रक्त दिसले किंवा पक्षी पिसे फुगवून कोपऱ्यात बसू लागले, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तेथे खाद्य बदलून भागत नाही.

आता ताईंनी काय करावे

ताई, सर्वप्रथम हलरचा कोंढा बंद करा. तो फुकट आहे तर गादीला वापरा, पण कोरडा करून आणि धूळ चाळून. दहा किलो मिश्रण घरी करायचे असेल तर ६ किलो मका किंवा निम्मा मका आणि निम्मी कणी, अडीच किलो सोयाबीन पेंड, १ किलो २०० ग्रॅम चांगले राइस पॉलिश किंवा गव्हाचा कोंडा, आणि ३०० ग्रॅम खनिज-जीवनसत्त्व मिश्रण व मीठ, हे प्रमाण वाढत्या पक्ष्यांना चालण्यासारखे आहे. मिश्रण व मीठ किती-किती घ्यावे हे मिश्रणाच्या पाकिटावर पाहून किंवा दवाखान्यात विचारून ठरवा. त्यात चोथा ४ टक्क्यांच्या आसपास राहतो. पेंडच घ्या, कच्चे सोयाबीन दळून घालू नका. त्यातले द्रव्य प्रथिनांचे पचन अडवते. हे मिश्रण चार आठवड्यांच्या आतील पिल्लांना आणि अंड्यावरच्या कोंबड्यांना देऊ नका, त्यांची गरज वेगळी असते.

एकदम बदल करू नका, चार-पाच दिवसांत हळूहळू बदला. उपासमारीने थांबलेला पक्षी चांगले खाद्य मिळाल्यावर बराचसा मागचा तोटा भरून काढतो, पूर्ण मात्र नाही. म्हणून सगळ्या पक्ष्यांवर सारखा खर्च करू नका. फारच रोड राहिलेले वेगळे काढा. बाकीच्यांपैकी दहा पक्ष्यांच्या पायात दोरा बांधा, दर रविवारी तेच दहा तोला आणि वहीत लिहा. तीन आठवडे वजन चढते आहे असे वहीत दिसले तर पुढे चला. चढले नाही तर तोटा वाढण्याआधी पक्षी विका. बचत गटाच्या बैठकीत ही वही सर्वांसमोर ठेवा आणि हप्त्याला मुदत मागा. पैसा बुडाला कसा हे कागदावर दाखवता आले, तर बैठकीत मान खाली घालण्याचे कारण नाही. आणि तुमच्या चुकीतून गटातल्या पुढच्या बहिणीचे शंभर पक्षी वाचतील.

इतर वाचकांनाही आमचे हेच सांगणे आहे. नवे काही मिसळायचे असेल, मग ते आम्ही सांगितलेले का असेना, आधी दहा पक्ष्यांना द्या आणि शेजारी दहा पक्षी जुन्या खाद्यावर ठेवा. दोन आठवड्यांनी दोन्ही तोला. शेजाऱ्याचे, दुकानदाराचे आणि आमचेही म्हणणे तराजूवर खरे ठरले तरच माना.

पुढील लेखात राहिलेला लसीकरणाचा विषय घेऊ.